उतरण्याजोगी नदी

हब्बनहट्टीचा मारुती पाण्याखाली गेला, ही बातमी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात पावसाळा लागला की दरवर्षी येतेच. देऊळ मलप्रभेच्या पात्रालगत आहे. वर कणकुंबी-जांबोटीकडं पाऊस धरून लागला की नदी देवळात शिरते आणि खालच्या गावांना समजतं, आता आपल्याकडं पाणी चढणार. मग काठावरचे मोटारपंप वर ओढले जातात, गवताच्या गंज्या हलतात, म्हशी माळाकडच्या वाटेनं जातात. मोबाईलवर सरकारी इशारा येतो, तोही लोक वाचतात. पण मारुती बुडाला म्हटलं की हात चालायला लागतात.

अलीकडं आपल्या भागातल्या नद्यांचा विकास, सुशोभीकरण, पर्यटन असं बरंच बोललं जातं. बोलणाऱ्यांच्या मनात असं असतं की काठावरच्या माणसांनी नदीचं कधी काही नियोजन केलंच नव्हतं. ते केलेलं होतं, आणि तिथीवार ठरलेलं होतं. ज्येष्ठी पौर्णिमेला, म्हणजे कार हुण्णवीला, बैल नदीवर धुवायला न्यायचे. पहिल्या दणक्याच्या पावसात चढणीचे मासे ओहळांतून थेट भाताच्या शेतापर्यंत येतात, तेव्हा पोरं बत्त्या घेऊन रात्री बाहेर पडायची. मग गणपतीचं विसर्जन. नवरात्राच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण बैलगाडीत घालून घाटावर. कार्तिकात दिवे सोडायचे, संक्रांतीला स्नान, महाशिवरात्रीला असोग्याचा रामलिंगेश्वर. आणि परीक्षा संपल्या की पोरांची पोहणी, पार मिरगापर्यंत.

त्यात जागाही वाटून दिलेल्या होत्या. वरच्या अंगाला पिण्याचं पाणी भरायचं, त्याच्या खाली आंघोळ, त्याच्या खाली धुणं आणि सगळ्यात खाली जनावरं. हे कुणी फलकावर लिहिलेलं नव्हतं. माझी आजी घागर घेऊन धुण्याच्या खडकाच्या खालच्या बाजूला कधी वाकली नाही आणि कुणी नवीन सून वाकली तर तिला चार बायका तिथंच हटकायच्या. पाणी कुठून कुठं वाहतं याचं भान असलेली ही वाटणी होती. आज नदीकाठाच्या आराखड्यात रंगीत पट्टे काढून जे दाखवतात, त्यापेक्षा ती मला जास्त नेमकी वाटते.

ती मोडली गटारीनं. जिथं उतार मिळाला तिथं गावची गटार नदीला येऊन भिडली. कधी ती घाटाच्या खाली आहे, कधी बरोबर वर. एकदा ती वर आली की मग खालच्या कुठल्याच जागेला अर्थ उरत नाही. तिथं आंघोळ करा नाहीतर म्हशी घाला, पाणी एकच.

माझं म्हणणं एवढंच आहे की नदीचा कुठलाही आराखडा नदीत उतरणाऱ्या माणसासाठी करावा. काठावर उभं राहून बघणाऱ्याची सोय त्यात आपोआप होते. उलटं केलं तर मात्र उतरणारा माणूस कायमचा बाहेर पडतो.

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं नद्यांच्या पाण्याचे वापरानुसार पाच वर्ग केले आहेत. ‘अ’ वर्ग म्हणजे फक्त निर्जंतुक करून पिता येईल असं पाणी. ‘ब’ वर्ग स्नानाचा. त्या वर्गात बसायचं तर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान 5 मिलिग्रॅम हवा, बीओडी 3 मिलिग्रॅमच्या आत हवी आणि 100 मिलिलिटरमध्ये कोलिफॉर्म जंतू 500 पर्यंतच हवेत. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जंतू जेवढा ऑक्सिजन ओढून घेतात त्याचं माप. घाण जास्त, तर ओढ जास्त, आणि मग माशांना श्वास उरत नाही. याच 3 मिलिग्रॅमच्या रेषेवरून 2018 साली देशातले 351 प्रदूषित नदीपट्टे ठरवले गेले. त्यात महाराष्ट्रातले 53 आणि कर्नाटकातले 17 होते. कर्नाटकाच्या त्या 17 नावांत मलप्रभा आहे.

म्हणजे सरकारच्या दफ्तरीसुद्धा नदी बिघडली की नाही हे ओळखायची कसोटी आंघोळीचीच आहे. माणसाला निर्धास्त बुडी मारता येते का, यावर नदीची तब्येत ठरते. मग आराखड्याच्या पहिल्या पानावर हेच का लिहू नये? अमुक वर्षापर्यंत उगमाच्या कणकुंबीपासून खालच्या एम. के. हुबळी गावापर्यंत मलप्रभा ‘ब’ वर्गात आणायची. एवढं एक वाक्य मनापासून लिहिलं की त्याखाली काय काय करावं लागेल ते आपोआप रांगेत उभं राहतं. आणि हे काही फक्त आपल्या पोहणीसाठी नाही. मलप्रभा पुढं सौंदत्तीजवळ नविलुतीर्थ धरणात जाते आणि तेच पाणी हुबळी-धारवाड पितं. आपण नदीत जे सोडतो ते तिकडच्या घागरीत जातं.

आपल्याकडं नदीचा विषय निघाला की गाडी लगेच टीएमसीवर, म्हणजे अब्ज घनफुटांच्या हिशोबावर येते. चहाच्या टपरीवर बसलेल्या माणसालासुद्धा हे आकडे पाठ असतात. म्हादई नदीच्या पाणीवाटपाचा लवाद 2010 मध्ये नेमला गेला, ऑगस्ट 2018 मध्ये निवाडा आला, कर्नाटकाला 13.42 टीएमसी मिळालं. त्यातलं 8.02 वीजनिर्मितीसाठी, दीड टीएमसी खोऱ्यातल्याच वापरासाठी, आणि कळसा नाल्याचं 1.72 व भांडुरा नाल्याचं 2.18 मिळून 3.9 टीएमसी मलप्रभेत वळवायला. हिडकल धरण 51 टीएमसीचं, दूधगंगेतून आपल्याला 4 टीएमसी. एक टीएमसी म्हणजे साधारण 2,830 कोटी लिटर, तेव्हा हे आकडे लहान नाहीत आणि त्यांच्यावरची भांडणंही खरी आहेत. पण या सगळ्या चर्चेत पाणी म्हणजे नदीतून उचलून कुठंतरी न्यायची वस्तू असते. एप्रिल महिन्यात नदीत नदीसाठी किती पाणी राहिलं पाहिजे, हा प्रश्न टपरीवर कुणी काढल्याचं मी ऐकलेलं नाही.

तो प्रश्न खरं तर बंधाऱ्यावर सुटतो. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आपल्या जिल्ह्यात जागोजाग आहे. त्याच्यावरून आपण मोटारसायकल घालतो, पण वाकून फारसं कुणी बघत नाही. खांबांना उभ्या खाचा असतात. पावसाळा ओसरला की त्या खाचांत एकावर एक आडव्या फळ्या बसवायच्या. अशा फळ्यांच्या दोन रांगा करायच्या आणि मधल्या पोकळीत माती भरून ती ठोकून घट्ट करायची. पूर्वी फळ्या लाकडी असत, आता बहुतेक ठिकाणी लोखंडी आहेत. पुढचा पावसाळा यायच्या आधी त्या काढायच्या, नाहीतर पुरात बंधाराच धोक्यात येतो आणि वरच्या शेतांत पाणी घुसतं.

फळ्या घालणाऱ्या एका वयस्क माणसाशी मी बराच वेळ बोलत बसले होते. हातावर चिखल वाळलेला, डोक्याला टॉवेल. म्हणाले, “बसवायला काय नाही ताई, काढायलाच सगळं अवघड हाय. पाणी सोडलं तर वरचं शेतकरी भांडतंय, नाही सोडलं तर खालचं गाव भांडतंय. माशाचं कोण इचारतंय?”

शेवटचं वाक्य ते सहज बोलून गेले, पण मार्चमध्ये बंधाऱ्याच्या खाली चालत जा म्हणजे कळतं. नदी सुटी सुटी होते. इथं एक डबकं, तिथं एक डोह, मधे तापलेला खडक. डोहात अडकलेले मासे सकाळी सकाळी तोंड वर काढून हवा घेतात. वरच्या बाजूला पाणी दिसायला भरपूर, पण थांबलेलं. त्यात गटार मुरत राहते, कडेनं हिरवट साय धरते. मग पहिला पाऊस पडतो, साचलेलं सगळं एकदम खाली जातं आणि मासे मरून वर येतात. कोल्हापूरकडं पंचगंगेत असे मेलेल्या माशांचे खच अनेकदा बातम्यांत दिसतात. आपल्याकडं ते तेवढं मोठं नसेल, पण कारण तेच.

यावर उपाय फार खर्चिक नाही. दोन खांबांमधल्या एका गाळ्यातली वरची एक-दोन फळी कायम कमी ठेवली तर तिथवर पाणी असेपर्यंत थोडं पाणी खाली जात राहील. शेतकऱ्याला कमी पडेल का? पडेल, थोडं पडेल. म्हणूनच ते शेतकऱ्यांना बसवून, किती इंच आणि कुठल्या महिन्यापर्यंत, असं ठरवायला हवं. कचेरीतून आदेश काढून ते होणार नाही. रात्री कुणीतरी येऊन फळी बसवून जाईल. चढणीच्या माशांचंही तसंच आहे. ते वर येतात ते पोटात अंडी घेऊन. पूर्वी टोपलीभर धरायचे, आता ओहळाच्या तोंडालाच आडवी जाळी लावतात आणि एकही मासा वर जात नाही. पहिल्या पावसातले काही दिवस जाळी लावायची नाही, एवढं गावानं देवापुढं ठरवलं तर ते कायद्यापेक्षा जास्त पाळलं जाईल, असं मला आपल्या गावांकडं बघून वाटतं.

आता सुशोभीकरणाबद्दल. अहमदाबादच्या साबरमतीकाठाचे फोटो आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतात आणि खाली हमखास कुणीतरी लिहितं, आपल्या नदीचं असं कधी होणार. तिथल्या त्या भरलेल्या पात्रात नर्मदेच्या कालव्याचं पाणी सोडलेलं आहे, हे फोटोत दिसत नाही. दोन्ही बाजूंना काँक्रीटची भिंत, वर फरशीचा रस्ता, रेलिंग, दिवे. त्या रेलिंगपाशी उभं राहून हात लांब केला तरी पाणी लागत नाही. आपल्या नदीला असं करायचं म्हणजे काठावरची करंजं आणि उंबरं तोडायची, पाणी मुरणारी माती फरशीखाली गाडायची आणि 2019 च्या ऑगस्टसारखा पूर आला की ती फरशी चिखलासकट गावात आलेली बघायची. त्या वर्षी नदीला किती जागा लागते ते तिनं स्वतःच आखून दाखवलंय. वरून नविलुतीर्थातून पाणी सोडावं लागलं आणि खाली रामदुर्गापर्यंत गावं पाण्यात गेली. ती पूररेषा दगड रोवून कायम करावी आणि तिच्या आत बांधकाम करू नये. मला वाटतं, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात टिकाऊ काम हेच आहे.

तरी घाटाला माझा विरोध नाही. घाट हवा, पायऱ्या हव्यात, आणि त्या पाण्यात शिरेपर्यंत हव्यात. एक गोष्ट तर मला फार दिवस सांगायची आहे. संक्रांतीला आमच्याकडं तीळ वाटून अंगाला लावायचे आणि नदीवर स्नानाला जायचं अशी रीत आहे. सबंध घर निघतं. डब्यात तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगाची चटणी, दही, शेंगापोळी. त्या दिवशी बायका निर्धास्त पाण्यात उतरतात. साठीच्या बायका छातीइतक्या पाण्यात उभ्या राहून एकमेकींवर पाणी उडवतात, मोठ्यानं हसतात. एरवी वर्षभर नदीवर त्यांचं काम असतं. आंघोळ, पोहणं, नुसतं पाय सोडून बसणं हे पुरुषांचं. संक्रांतीच्या दिवशीसुद्धा कपडे बदलायची वेळ आली की दोघी लुगडं धरून उभ्या राहतात आणि तिसरी त्याच्याआड घाईघाईनं आवरते. पलीकडच्या काठावर मोबाईल घेऊन पोरं उभी असतातच.

मला पोहायला आप्पांनी शिकवलं, असोग्याच्या वरच्या अंगाला, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून. पहाटे उजाडायच्या आधी नेत, कारण मुलगी पोहते हे लोकांनी बघू नये असं आईचं म्हणणं होतं. आप्पा पाण्याच्या बाहेर उभे राहून सांगायचे, पाणी आधी बघ, मग उतर. पाय टेकतोय तोवर जा. ओढ लागली तर तिच्याशी भांडू नको, तिरकी कापत काठाला ये. नंतर डबा सुटला आणि नदी माझी झाली. त्या सकाळच्या पाण्याचा गारवा, खडकाच्या कपारीतून पळणारे बोटभर मासे, डोक्यावरून जाणारा गाडीचा आवाज, हे सगळं माझ्या पुतणीला मिळावं अशी माझी इच्छा आहे आणि उजेडात मिळावं. त्यासाठी कपडे बदलायला एक आडोसा लागतो: चार भिंती, आत कडी, वर झरोका. नदीच्या कुठल्याही आराखड्यात हा आडोसा मला अजून दिसलेला नाही.

बुडण्याचा विषय टाळून चालणार नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये चंदगड तालुक्यात किटवाडच्या धबधब्यावर बेळगावच्या चार मुली बुडून गेल्या. आपल्या भागातला पावसाळा असा एकही जात नाही की कुठल्यातरी डोहावरून कुणाचं तरी पोर परत आलं नाही. मग बंदी येते. दोरी बांधली जाते, पोलीस उभे राहतात, पुढच्या रविवारी पोरं दुसऱ्या वाटेनं जातात. पावसाळ्यात धबधब्यांवर बंदी असावीच. पण नुसत्या बंदीनं पोहणं शिकता येत नाही, आणि ज्याला नदी माहीतच नाही तो सगळ्यात आधी बुडतो.

बुडण्याची ठिकाणं काही गूढ नसतात. बंधाऱ्याच्या पायथ्याशी फळ्यांवरून पडणारं पाणी तळाशी मागं वळतं, त्यात सापडलेला माणूस वर येतो आणि परत आत ओढला जातो. वाळू उपसलेल्या जागी पाऊल गुडघाभर पाण्यातून एकदम पुरुषभर खड्ड्यात पडतं. गेल्या वर्षी जिथं पाय टेकत होता तिथं यंदा टेकेलच असं नाही, कारण मधे ट्रॅक्टर येऊन गेलेले असतात. आणि शेवाळलेला उतरता खडक, ज्याच्यावरून सेल्फी घेणारा घसरतो. या तीनही जागा प्रत्येक गावात भोयांना, म्हशीवाल्यांना, पोहणाऱ्या म्हाताऱ्यांना पाठ असतात. त्यांना सोबत घेऊन एका दिवसात नदीचा धोक्याचा नकाशा तयार होईल. पात्रात खोलीच्या खुणा रंगवाव्यात. फलक कानडीत लावावा आणि मराठीतही लावावा, कारण जांबोटी-कणकुंबीकडं येणाऱ्या पोरानं तो पळता पळता वाचला पाहिजे. घाटावर दोर आणि हवा भरलेली ट्यूब टांगलेली असावी. आणि सुट्टीच्या दिवसांत गावातल्याच चार पोहणाऱ्या तरुणांना पगार देऊन बसवावं. पर्यटनातून रोजगार म्हणतात, तर हा घ्या रोजगार.

वर भीमगडाच्या बाजूला मात्र माझं मत वेगळं आहे. तिथं 2011 पासून अभयारण्य आहे, म्हादईचा उगम त्याच डोंगरांत आहे, बारापेडेच्या गुहेत दुर्मीळ वटवाघळं आहेत. तिथं माणसांनी कमी जावं, पायी जावं आणि मुक्काम खालच्या गावांत करावा. प्रत्येक झऱ्याला पार्किंग लागत नाही. असोगा, खानापूरचा घाट, एम. के. हुबळी इथं गर्दी सांभाळता येते, ती तिथं आनंदानं सांभाळावी म्हणजे वरच्या रानावरचा भार हलका होईल.

बेळगाव शहरात राहणाऱ्यांचं नातं मार्कंडेय नदीशी आहे, पण ते राकसकोपच्या आकड्यापुरतं. जलाशय 2475 फुटांवर गेला की वर्तमानपत्रात फोटो येतो, आमदार-नगरसेवक गंगापूजन करतात, शहर सुटकेचा श्वास सोडतं. धरणाच्या खाली कंग्राळी, काकतीपर्यंत त्याच नदीचं काय होतं, बळ्ळारी नाला शहापूर-वडगावच्या शिवारातून शहराची घाण आणि पुराचं पाणी घेऊन कुठं जातो, याचा आकडा कुणी छापत नाही. तो छापायला हवा. दर महिन्याला, पाणीपातळीच्या शेजारीच: ऑक्सिजन इतका, बीओडी इतकी, आंघोळीला योग्य की नाही.

घटप्रभा, ताम्रपर्णी, हिरण्यकेशी या तिघी चंदगड-आंबोलीकडून येतात आणि आपल्या जिल्ह्यात उतरतात. त्यांचा आराखडा दोन राज्यांच्या अधिकाऱ्यांना एका टेबलावर बसवूनच होईल. पूर आला की दोन्हीकडचे अभियंते एकमेकांना विसर्गाचे आकडे फोनवर कळवतातच. पुराच्या वेळी जमतं ते उन्हाळ्यात जमायला हरकत नसावी.

मलप्रभेपुरतं मात्र कुणाची वाट बघायची गरज नाही. यंदा फळ्या घालायच्या आधी घाटावरच एक बैठक व्हावी. पंपवाले शेतकरी, धुणं धुणाऱ्या बायका, भोई, असोग्याचे पुजारी, शाळेतले पीटीचे मास्तर, बंधाऱ्यावरचे ते फळीवाले आणि पाटबंधारे खात्याचा अभियंता, सगळे पायऱ्यांवर बसावेत. पहिला विषय गटारीचं तोंड कुठं वळवायचं आणि शुद्ध केल्याशिवाय ते पाणी नदीत जाणार नाही याची जबाबदारी कुणाची. दुसरा, कुठल्या गाळ्यात किती फळ्या कमी. तिसरा, बायकांचा आडोसा. बाक, दिवे आणि कमानीचा विषय या तिघांची तारीख पक्की झाल्यावर घ्यावा.